ऑस्करचे कौतुक पुरे, मालकीचे बोलू

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ऑस्करचे फॉरवर्ड सुरू होतात. अमुक कृष्णवर्णीय अभिनेत्रीला बाहुली मिळाली, तमुक ब्लॅक दिग्दर्शकाला नामांकन मिळाले, 'बघा, तिकडे बदल होतोय, इकडे कधी होणार?' खाली निळे झेंडे आणि टाळ्या. आम्हीही हे मेसेज पुढे पाठवतो. त्यातला आनंद खोटा नसतो. दूरच्या भावकीतल्या कुणाचे लग्न ठरले की जसे बरे वाटते, तसे वाटते. पण या आनंदात एक मोठा प्रश्न दरवर्षी झाकला जातो, आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

आधी हिशेब मांडू. ऑस्करचा पहिला समारंभ १९२९ चा. २०२५ चा समारंभ सत्त्याण्णवावा होता. या सत्त्याण्णव समारंभांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार एकाही कृष्णवर्णीय माणसाला मिळालेला नाही. नामांकनापर्यंत पोहोचले ते सहा: जॉन सिंगलटन, ली डॅनियल्स, स्टीव्ह मॅक्वीन, बॅरी जेन्किन्स, जॉर्डन पील आणि स्पाइक ली. सहाही पुरुष. त्यातही गंमत पाहा. मॅक्वीनचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आणि जेन्किन्सचा 'मूनलाइट' हे दोन्ही सिनेमे त्या त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले, पण दिग्दर्शनाची बाहुली दोन्ही वेळा दुसऱ्याच सिनेमाकडे गेली. सिनेमा उत्तम, पण तो ज्याने घडवला तो उत्तम नाही! २०१२ साली लॉस एंजेलिस टाइम्सने मतदार कोण आहेत याचा शोध घेतला, तेव्हा अकादमीच्या मतदारांत ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना गेली, एप्रिल रेन या कृष्णवर्णीय बाईंनी सुरू केलेला 'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग जगभर गाजला, आणि मग अकादमीने घाईघाईने नवे सदस्य घेतले.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आमचे म्हणणे असे की पुरस्कार हा शेवटचा दरवाजा आहे. त्याच्याआधी किती दरवाजे आहेत ते मोजा. पैसा कोण देणार, शूटिंग कोण करू देणार, थिएटर कोण देणार, गाण्याचे आणि भाषणाचे हक्क कुणाकडे, आणि वीस-तीस वर्षांनी त्या सिनेमाची प्रत कुणाच्या कपाटात असणार? शेवटच्या दरवाज्यावरच्या गर्दीचा फोटो काढून आपण समाधान मानतो. मागच्या दरवाज्यांबाहेर किती जण राहिले, ते त्या फोटोत येत नाही.

हा विषय आमच्या डोक्यात घुसला तो 'ओरिजिन' या सिनेमामुळे. आम्ही काही समाजकार्यकर्ते मिळून वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात अधूनमधून सिनेमा दाखवतो आणि नंतर चर्चा करतो. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे पांढरी चादर. 'ओरिजिन'बद्दल सांगायचे ठरले, कारण त्यात बाबासाहेब आहेत. इझाबेल विल्करसन या कृष्णवर्णीय लेखिकेचे 'कास्ट' हे पुस्तक २०२० साली आले. अमेरिकेतला वंशभेद, नाझी जर्मनी आणि भारतातली जात यांना एका सूत्रात बांधणारे हे पुस्तक. त्यावर एव्हा ड्यूव्हर्ने या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने २०२३ साली कथाचित्रपट केला. त्यात वर्गाबाहेर बसवलेला लहान भीमराव आहे, कोलंबियाचे बाबासाहेब आहेत. बाबासाहेबांची भूमिका गौरव पठानिया या आपल्याच अभ्यासकाने केली आहे, आणि नांदेडचे सूरज एंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. सभागृहात ज्या क्षणी पडद्यावर बाबासाहेब आले त्या क्षणी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आज्ज्यांनी हात जोडले. सिनेमा इंग्रजीत, पण भाषांतर करायची गरज पडली नाही.

त्याच सिनेमात अल ब्राइट नावाच्या मुलाचा प्रसंग आहे. १९५१ साल, ओहायोतले यंग्जटाउन गाव. पोरांची बेसबॉलची टीम जिंकली म्हणून सगळ्यांना नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नेले. टीममध्ये एकच कृष्णवर्णीय पोर. त्याला कुंपणाबाहेर बसवले. मोठ्या माणसांनी गयावया केल्यावर त्याला एका रबरी तराफ्यावर बसवून पाण्यावरून एक फेरी मारून आणली, आणि बजावले की पाण्याला हात लावायचा नाही. हा प्रसंग पाहताना महाडचे चवदार तळे न आठवणारा माणूस आमच्या सभागृहात नव्हता. १९२७ आणि १९५१, रायगड जिल्हा आणि ओहायो. पाणी तेच.

चर्चेत एका ताईंनी सरळ प्रश्न टाकला: 'एवढा सिनेमा काढायला पैसे कुणी दिले हो?' भावनेच्या भरात असलेले सगळे एकदम गप्प झाले. आमच्या मते त्या संध्याकाळी विचारला गेलेला हा सर्वात चांगला प्रश्न होता. त्याचे उत्तर देण्याआधी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'द बर्थ ऑफ अ नेशन' काढला. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे जनावर आणि कु क्लक्स क्लान म्हणजे अब्रूचे रक्षक, असे सांगणारा हा सिनेमा व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनसाठी दाखवला गेला. त्याच वर्षी मेलेली क्लान पुन्हा उभी राहिली. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा आजही 'तंत्राचा मैलाचा दगड' म्हणून शिकवला जातो. मैलाचा दगड कुणाच्या छातीवर ठेवला होता, ते तळटीपेत.

त्या काळात ऑस्कर मिशो नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस होता. (नाव ऑस्कर, पण बाहुलीशी काही संबंध नाही.) जन्म १८८४, इलिनॉयमधला. रेल्वेच्या पुलमन डब्यात हमाली केली, मग साउथ डकोटात सरकारी जमीन घेऊन शेती केली. स्वतःच्या आयुष्यावर कादंबऱ्या लिहिल्या आणि दारोदार फिरून स्वतःच विकल्या. 'द होमस्टेडर' या कादंबरीवर सिनेमा काढायला लिंकन मोशन पिक्चर कंपनी ही कृष्णवर्णीयांचीच कंपनी तयार झाली. मिशोची अट होती की दिग्दर्शन मी करणार. ते जमले नाही. तेव्हा या माणसाने ज्या शेतकऱ्यांना पुस्तके विकली होती त्यांच्याकडेच परत जाऊन, आयोवातल्या सू सिटीच्या आसपास, सिनेमाचे शेअर विकले. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्गणी काढली. १९१९ साली 'द होमस्टेडर' पडद्यावर आला. पुढच्या तीस वर्षांत मिशोने चाळीसहून अधिक सिनेमे काढले. गावोगावच्या कृष्णवर्णीयांच्या थिएटरांत स्वतः जाऊन बोलणी केली. मध्येच कंपनीचे दिवाळे निघाले, तरी थांबला नाही.

१९२० चा त्याचा 'विदिन अवर गेट्स' म्हणजे ग्रिफिथला दिलेले उत्तर असे अभ्यासक मानतात. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी उत्तरेत निधी गोळा करायला गेलेली एक शिक्षिका आणि तिचा भूतकाळ, अशी ती गोष्ट. तिने ज्या घरी वाढली त्या घरच्या बापाचा हिशेब लिहून दिलेला असतो. वाट्याने शेती कसणारा बाप तो कागद घेऊन जमीनदाराकडे आपले पैसे मागायला जातो. जमीनदाराला गोळी घालतो भलताच, पण आळ येतो याच्यावर, आणि जमाव नवरा-बायकोला फासावर लटकवतो. शिकलेल्या पोरीने मांडलेला हिशेब अख्ख्या घराच्या जिवावर उठतो. शिकागोच्या सेन्सॉर मंडळाने हा सिनेमा आधी अडवला. कारण दिले की १९१९ च्या दंगली नुकत्याच झाल्यात, वातावरण बिघडेल. 'वातावरण बिघडेल' हे कारण आपण कुठे कुठे ऐकले आहे, ते वाचकांनी आठवावे.

आता पुढचे ऐका. हा सिनेमा नंतर हरवला. म्हणजे अमेरिकेत त्याची एकही प्रत कुणाला सापडेना. १९७० च्या दशकात स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात 'ला नेग्रा' या नावाने एक प्रत मिळाली. मूकपट असल्यामुळे मधल्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या. त्या परत इंग्रजीत आणून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली सिनेमा पुन्हा उभा केला. एका कृष्णवर्णीय माणसाने इंग्रजीत लिहिलेले शब्द स्पॅनिशमधून परत भाषांतर करून त्याच्याच देशाला वाचावे लागले. 'बर्थ ऑफ अ नेशन' मात्र कधी हरवला नाही. मिशोचे बहुतेक सिनेमे आजही सापडलेले नाहीत. तो १९५१ साली गेला, आणि हॉलिवूडच्या रस्त्यावर त्याच्या नावाचा तारा बसवला १९८७ साली. समाजशास्त्रात आम्हाला शिकवले होते की स्मृतीसुद्धा सत्तेने वाटली जाते. वर्गात ते वाक्य परीक्षेपुरते वाटले होते. काय जपायचे आणि काय सडू द्यायचे, हे ज्याच्या हातात गोदामाची किल्ली आहे तोच ठरवतो.

मिशोनंतर मोठ्या स्टुडिओने पहिल्यांदा एका कृष्णवर्णीयाला दिग्दर्शन दिले ते १९६९ साली. गॉर्डन पार्क्स, सिनेमा 'द लर्निंग ट्री'. म्हणजे मिशोच्या पहिल्या सिनेमानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. त्याच सुमारास मेल्विन व्हॅन पीबल्सला हॉलिवूडने दारात उभे केले नाही म्हणून तो फ्रान्सला गेला, फ्रेंच शिकला, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, कारण तिथे लेखकाला स्वतःच्या कथेवर सिनेमा काढायचा परवाना मिळण्याची सोय होती. तो सिनेमा १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात फ्रान्सची प्रवेशिका म्हणून आला. घरच्या माणसाला घरी यायला परदेशी पाहुणा व्हावे लागले. पुढे १९७१ मध्ये त्याने स्वतःच्या आणि उसन्या पैशांतून 'स्वीट स्वीटबॅक' काढला. सुरुवातीला देशभरात फक्त दोन थिएटरे मिळाली, एक डेट्रॉइटला, एक अटलांटाला. तिथून त्याने लाखो डॉलर कमावले. (सिनेमातले बाईचे चित्रण आम्हाला पटत नाही आणि विहारात तो आम्ही दाखवणारही नाही, पण धंद्याच्या इतिहासात त्याला वगळता येत नाही.) त्यानंतर स्टुडिओवाल्यांनी तोच मसाला उचलून ढीगभर सिनेमे काढले, नफा घेतला आणि काही वर्षांत दुकान बंद केले.

इथे आमच्या डाव्या मित्रांशी थोडे भांडायचे आहे. ते म्हणतात, हा सगळा भांडवलाचा खेळ आहे, भांडवलाला रंग नसतो, त्याला फक्त नफा कळतो. मग हॉलिवूडच्या कामगार युनियनांचे काय? कॅमेरा, ध्वनी, प्रकाशयोजना यांतल्या संघटनांत कृष्णवर्णीयांना शिरकाव नव्हता. १९६९ साली समान रोजगार संधी आयोगाने हॉलिवूडमध्ये सुनावण्या घेतल्या, तेव्हा भेदभावाचा ठपका स्टुडिओंसोबत युनियनांवरही आला. आपल्याला यात नवे काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सोबतच्या कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा कामगार ऐक्याची भाषा बोलणाऱ्यांची पंचाईत झाली होती.

आणि नफ्याचेच म्हणाल तर तेही तपासू. 'ब्लॅक सिनेमा परदेशात चालत नाही' हे हॉलिवूडचे जुने पालुपद. २०१४ साली एका बड्या स्टुडिओचे ईमेल फुटले, तर त्यात डेन्झेल वॉशिंग्टनसारख्या नटाबद्दलही हेच लिहिलेले सापडले. २०१८ साली 'ब्लॅक पँथर'ने जगभरात १.३ अब्ज डॉलरचा पल्ला ओलांडला. २०२१ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने हिशेब मांडला की हा वंशभेद दूर केला तर अमेरिकेच्या सिनेमा-टीव्ही उद्योगाला वर्षाला १० अब्ज डॉलर जास्त मिळतील. मॅकिन्झी काही चळवळीची संघटना नाही. म्हणजे व्यवस्था नफ्यावर पाणी सोडते, पण दरवाजा किलकिलाच ठेवते. एक गोरा दिग्दर्शक आपटला तर तो एकटा आपटतो. कृष्णवर्णीयाचा सिनेमा आपटला की 'यांचे सिनेमे चालत नाहीत' आणि चालला की 'हा अपवाद'. इकडची उदाहरणे वाचकांना वेगळी सांगायला नकोत, आज तिकडचेच बोलू.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो चार्ल्स बर्नेटच्या गोष्टीने. हा लॉस एंजेलिसच्या वॅट्स भागात वाढलेला. विद्यापीठात शिकत असताना शनिवार-रविवारी वस्तीतल्या लोकांना घेऊन त्याने एक सिनेमा शूट केला, 'किलर ऑफ शीप'. खर्च १० हजार डॉलरच्या आत. कत्तलखान्यात मेंढ्या कापण्याचे काम करणारा एक बाप, त्याची झोप उडालेली, बायकोशी बोलणे तुटलेले, पोरे गल्लीत दगड मारत खेळतात. बस्स. ना बंदूक, ना ड्रग्ज, ना कुणी गोरा उद्धारक. १९७७ साली सिनेमा पुरा झाला. १९९० साली अमेरिकन सरकारने तो राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत घेतला, म्हणजे राष्ट्रीय ठेवा ठरवला. पण थिएटरात तो लागला २००७ साली! तीस वर्षे का अडला? बर्नेटने त्यात पॉल रॉबसन, डायना वॉशिंग्टन अशा कृष्णवर्णीय गायकांची गाणी वापरली होती, म्हणजे आपल्या माणसांचा आवाज आपल्या माणसांच्या चित्रावर. त्या गाण्यांचे हक्क कंपन्यांकडे होते. ते सोडवायला शेवटी सुमारे दीड लाख डॉलर लागले, सिनेमाच्या खर्चाच्या पंधरा पटींपेक्षा जास्त. घसा कृष्णवर्णीयांचा, दुःख कृष्णवर्णीयांचे, सिनेमा कृष्णवर्णीयांचा, आणि कुलूप कंपनीचे.

हे वाचताना आम्हाला हसू आले नाही आणि आश्चर्यही वाटले नाही. गेल्या जयंतीच्या मिरवणुकीचा आमच्या पोरांनी केलेला व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, तर दोन तासांत आवाज गायब. मागे वाजत असलेल्या भीमगीताचे हक्क म्हणे एका कंपनीचे. ते गाणे लिहिणारा आपला, गाणारा आपला, ढोलकीवाला आपला. कॅसेटच्या जमान्यात किती शाहिरांनी एकदाच मिळणाऱ्या चार पैशांवर सही केली असेल, आणि त्या कागदावर काय लिहिले होते ते किती जणांना वाचून दाखवले असेल?

बर्नेटला २०१७ साली मानद ऑस्कर मिळाले. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. मानद म्हणजे आयुष्यभर पंगतीला न बसवलेल्या माणसाला जाताना दिलेला विडा.

बायांची गोष्ट याहून वाईट. कॅथलीन कॉलिन्सने १९८२ साली 'लूजिंग ग्राउंड' काढला. त्याची नायिका तत्त्वज्ञान शिकवणारी कृष्णवर्णीय प्राध्यापिका. वितरकांना अशी बाई ओळखीची वाटली नसावी. सिनेमा थिएटरात लागलाच नाही, कॉलिन्स १९८८ साली वयाच्या ४६ व्या वर्षी गेली, आणि तिच्या मुलीने रिळे दुरुस्त करून घेतल्यावर २०१५ मध्ये तो लोकांसमोर आला. ज्युली डॅशचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा अमेरिकेत सर्वसाधारण थिएटरांत लागलेला कृष्णवर्णीय स्त्रीचा पहिला कथाचित्रपट. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षांच्या कथाचित्रपटांच्या इतिहासात पहिला. सन्डान्स महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला पुरस्कार मिळाला. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली, पण डॅशला मोठ्या पडद्यासाठी कुणी पैसे दिले नाहीत. ती टीव्हीसाठी काम करत राहिली.

आता पुन्हा पैशाकडे येऊ. स्पाइक ली 'माल्कम एक्स' करत होता, १९९२ ची गोष्ट. आधी हा सिनेमा एका गोऱ्या दिग्दर्शकाकडे जाणार होता, लीने जाहीर आवाज उठवला तेव्हा तो त्याच्याकडे आला. लगेच समाजातूनच अमिरी बराकासारख्या कवीने लीच्या विरोधात सभा घेतल्या, की हा मध्यमवर्गीय पोरगा आमच्या माल्कमची वाट लावेल. (आपल्याकडे बाबासाहेबांवर कुणी काही करायला घेतले की काय होते, ते आठवून आम्हाला जरा बरेच वाटले.) बजेट ओलांडले, स्टुडिओने हात आखडला, आणि सिनेमा ठरल्या पैशांत पुरा होण्याची हमी देणाऱ्या कंपनीने संकलन बंद पाडले. लीने स्वतःच्या मानधनातले पैसे घातले. तेही संपल्यावर त्याने फोन उचलला आणि पैसेवाल्या कृष्णवर्णीयांना एकेक करून लावला. ओप्रा विन्फ्री, मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, प्रिन्स, जॅनेट जॅक्सन, ट्रेसी चॅपमन. कर्ज नको, गुंतवणूकही नको, परत मिळणार नाही असे सांगून मागितले. त्यांनी दिले. ही घोषणा लीने केली १९ मे रोजी, माल्कमच्या जन्मदिवशी. वर्गणी काढून महापुरुषाचा सिनेमा पुरा करणारा समाज आपल्याला परका कसा वाटेल?

ड्यूव्हर्नेला 'सेल्मा'च्या वेळी वेगळेच कुलूप लागले. २०१४ चा हा सिनेमा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा, आणि त्यात किंग यांच्या भाषणातले मूळ शब्द नाहीत. भाषणांचे सिनेमाचे हक्क किंग कुटुंबाच्या ट्रस्टने आधीच दुसऱ्या एका बड्या प्रकल्पाला दिले होते. म्हणून तिने किंगच्या लयीत, पण स्वतःच्या शब्दांत भाषणे लिहिली. इथे खलनायक गोरा स्टुडिओ एकटा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. घरच्यांनी विकलेले शब्दही विकलेलेच. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाच्या खंडांत १९७९ पासून यायला लागली आणि स्वस्तात घरोघरी गेली, याची किंमत अशा वेळी कळते. 'सेल्मा'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले, ड्यूव्हर्नेला दिग्दर्शनाचे नाही.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. 'ओरिजिन' आधी नेटफ्लिक्सकडे होता. ड्यूव्हर्ने तिथून बाहेर पडली आणि तिने पैसे उभे केले ते फोर्ड फाउंडेशन आणि मेलिंडा फ्रेंच गेट्स, लॉरीन पॉवेल जॉब्स यांच्या संस्थांसारख्या दानशूर स्रोतांकडून. बजेट सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, शूटिंग ३७ दिवसांत, तीन देशांत. व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेत निवडली गेलेली ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन दिग्दर्शिका. ऑस्करची नामांकने: शून्य.

आम्हाला यात दोन गोष्टी एकदम दिसतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. जात आणि वंश यांचे नाते सांगणारा सिनेमा बाजाराने काढला नाही, तो दानावर निघाला. आणि दान हे दात्याच्या मर्जीवर असते. आम्ही संस्थांमध्ये काम करणारी माणसे, तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी चौथ्या वर्षी कसा आटतो ते आम्ही पगार न झालेल्या महिन्यांत पाहिले आहे. अब्जाधीशांच्या पैशातून बाबासाहेब पडद्यावर आले याचा आनंद आहेच. पण पुढचा सिनेमा कशातून येणार? मिशोचे शेअर आणि लीची वर्गणी निदान विकत घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला 'हा आपला' म्हणू देत होते.

म्हणून २०२५ साली रायन कूगलरने जे केले ते आम्हाला कुठल्याही बाहुलीपेक्षा मोठे वाटते. 'सिनर्स' या सिनेमासाठी त्याने वॉर्नर ब्रदर्सशी करार करताना तीन गोष्टी मागितल्या. शेवटचे संकलन माझे, पहिल्या डॉलरपासून वाटा, आणि २५ वर्षांनी सिनेमाची मालकी माझ्याकडे परत. सिनेमाची गोष्टही तीच आहे: १९३२ चे मिसिसिपी, दोन जुळे कृष्णवर्णीय भाऊ एका गोऱ्याकडून जुनी लाकडाची गिरणी विकत घेतात आणि आपल्या लोकांसाठी गाण्या-नाचण्याचा अड्डा उघडतात. कूगलरने सांगितले की विषयच कृष्णवर्णीयांच्या मालकीचा असल्यामुळे ही अट घातली. सिनेमा निघायच्या आधीपासून स्टुडिओंमधले निनावी साहेब पत्रकारांना सांगू लागले की हा पायंडा धोकादायक आहे. क्वेंटिन टॅरंटिनोला अशी अट मिळाली होती तेव्हा कुणाला धोका वाटल्याचे आम्ही वाचले नव्हते. सिनेमाने जगभरात ३६ कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. २०५० साली तो कूगलरचा होईल.

हे सगळे विहारात सांगून झाल्यावर लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करणारा एक पोरगा मागून उठला. तो आणि त्याचे दोन मित्र आमच्याच वस्तीतल्या सफाई कामगार बायांवर माहितीपट करताहेत. कॅमेरा भाड्याचा, एका संस्थेने थोडे पैसे देऊ केलेत. तो म्हणाला, 'सर, कूगलरचा कागद कसा असतो ते नाही माहीत. पण आमचा कागद अजून लिहिलेलाच नाही.' पुढच्या रविवारी चर्चा बाजूला ठेवून आम्ही मराठीत दोन पानांचा करारनामा लिहायला बसलो. पहिल्याच कलमावर तासभर गेला. फुटेज कुणाच्या हार्ड डिस्कवर राहील, आणि ज्या बाया बोलल्या त्यांच्याकडे त्याची प्रत केव्हा जाईल?